सिनेमा उतरल्यानंतर

वसईचा सिरिल तुस्कानो दुबईच्या एका हॉटेलात संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचा. बिऱ्हाड शारजात, बायको पर्ल एका ऑफिसात रिसेप्शनिस्ट, मुलगी सोफिया शाळेत. शहाण्णव साली एका हौशी निर्मात्याने तिथे जुन्या काळातला सिनेमा काढला. नवाबाच्या पदरचा वादक एका गाणारणीपायी वेडा होतो, अशी गोष्ट. हिरोला व्हायोलिन धरताच येईना, म्हणून जवळून दिसणारे हात सिरिलचे घेतले. गाणारीण झाली शहनाझ, शारजातच वाढलेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी.

सिनेमा आठवड्याभरात उतरला. सिरिल मात्र त्यातून बाहेर आलाच नाही. हॉटेलात रोज सिनेमातली तीच एक धून, घरी त्या गाणारणीच्याच गोष्टी. मॅनेजर वैतागला, "सिरिल, खलास. दुसरं काहीतरी वाजव." शहनाझचं नाव निघालं की पर्लला टोचायचं, पण तिला वाटलं, कलाकार माणूस, निवळेल हळूहळू.

मग एका शुक्रवारी दुपारी शहनाझच दारात उभी राहिली. चहाला हातही न लावता म्हणाली, "दीदी, मैंने उनसे काम के सिवा कभी बात नहीं की. वो रोज़ मेरी बिल्डिंग के नीचे खड़े रहते हैं. अब्बा पुलिस में जाने को कह रहे हैं."

पर्ल तशीच चपला अडकवून तिच्याबरोबर निघाली. सिरिल भर उन्हात शहनाझच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उभा होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"घरी चल," पर्ल म्हणाली.

"ती खिडकीत आली की येतो."

"ती इथे माझ्या शेजारी उभी आहे, सिरिल. बघ, किती घाबरलीय."

त्याने शहनाझकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं. मग नजर पुन्हा वर, खिडकीकडे.

आतापर्यंत तिला त्या पोरीचा मत्सर वाटत होता. पण तो तर सिनेमातल्या गाणारणीची वाट बघत होता; आता कोणाचा मत्सर करायचा, तेच तिला कळेना.

पुढे सिरिलची नोकरी गेली, व्हिसा गेला. भाऊ येऊन सिरिलला वसईला घेऊन गेला. सोफियाच्या शाळेसाठी पर्ल मागे राहिली. सुट्टीत ती जायची, तेव्हा तो शहाण्यासारखा जेवायचा, विचारलेल्याला उत्तर द्यायचा. व्हायोलिनला मात्र शिवला नाही. दोन हजार दोनमध्ये काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला.

पर्लने दुबईतल्या ऊद मेथाच्या चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा ठेवली. प्रार्थना सुरू झाल्यावर डोक्यावर ओढणी घेतलेली शहनाझ आत आली आणि बाकापाशी थबकली.

"दीदी, मेरी वजह से..."

तुझा काही दोष नाही, हे पर्लला पुरतं ठाऊक होतं. तिने सोफियाला जवळ ओढलं आणि बाकावर शहनाझसाठी जागा केली.