अमरावतीहून न आणलेला पट्टा

कामरगावात कोणाच्या टिनांवर कडुनिंबाची फांदी टेकली किंवा विजेच्या तारांत वड शिरला, की लोक अन्सारकडे निरोप धाडत. झाड आडवं पाडायला कोणीही कुऱ्हाड घेऊन येतो. पण घर, विहीर आणि गोठा यांच्या मधोमध उभ्या असलेल्या झाडाची नेमकी तेवढीच फांदी कापायची, ती दोराला टांगून छपराचं एक कवेलू न फोडता खाली उतरवायची, हे काम अन्सारचं. वीस वर्षं तो झाडांवरच जगला.

चाळिशीनंतर त्याचे गुडघे कुरकुरू लागले. तेव्हापासून वर चढायचा भागवत. अन्सारहून दहा वर्षांनी लहान, अंगानं काटक, शेंड्याजवळ गेला की हमखास गुणगुणणारा. कापलेल्या फांदीचा दोर खाली अन्सारच्या हातात असे. तो दोर जरा चुकीचा सुटला, तर फांदी फिरून वरच्या माणसालाच आदळते. म्हणून दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. अन्सारच्या पुढ्यातल्या ताटात भागवतचा हात असायचा, ईदला आणि पोळ्यालाही.

फांद्या कापायची जुनी मशीन बंद पडली तेव्हा दोघांनी मिळून नवीसाठी पैसे जमवले. अन्सार अमरावतीला निघाला त्या दिवशी भागवतच्या शेतात सोयाबीन काढणी होती, त्याला जाता आलं नाही. स्टँडवर सोडायला तेवढा आला.

"भाऊ, यावेळी आधी झाडावर बांधाचा पट्टा आणजा," तो म्हणाला. "मशीन लहान असली तरी चालते. कमरेले नुसता दोर बांधून मशीन चालवाचं मले भेव लागते आता. पोरगी मोठी होऊन राह्यली."

"आणतो ना गा," अन्सार म्हणाला. तेव्हा त्याच्या मनातही तेच होतं.

दुकानदार समजदार होता. झाडावर चढून काम आहे म्हटल्यावर त्यानं खोकी उघडली. मांड्या आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा. आपोआप बंद होणारे हूक. डोळ्यांवर जाळी असलेलं हेल्मेट. एका हाताला पेलेल अशी लहान मशीन, मूठ वरच्या बाजूला. शेवटी त्यानं एक आखूड जाड दोरी अन्सारच्या हातात दिली. "हिच्यात पोलादी तार आहे. झाडाले हिचा वेढा घ्याचा. पातं चुकून लागलं तरी माणूस लटकून राह्यते, पडत नाही."

अन्सारनं पट्ट्याची शिवण ओढून पाहिली, हूक उघडून मिटवून पाहिला. माल पक्का होता. पण त्याची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनवर गेली, लांब पात्याच्या. नाल्याकाठच्या बाभळी तोडायचं मोठं काम त्याला सांगून आलं होतं, आणि ते लहान मशीनचं नव्हतं. पैसे दोन्हीला पुरत नव्हते. त्यानं पट्टा स्वतःच्या हातांनी घडी करून खोक्यात परत ठेवला.

काय सांगायचं ते त्यानं बसमध्येच जुळवलं. भागवतनं विचारल्यावर म्हणाला, "पट्टा नव्हता दुकानात. पुढच्या महिन्यात येते म्हणे."

"मंग पुढच्या महिन्यात आणू," भागवत म्हणाला. त्यानंतर त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा अन्सारनं तेच सांगितलं.

फेब्रुवारीत इंझोरीला एका चिंचेचं काम आलं. फांदी घरावर झुकलेली. सकाळचे दहा वाजले असतील. भागवत कमरेला दोर बांधून वर बसला होता आणि ती जड मशीन लांबवर धरून कापत होता. अर्धी कापलेली फांदी दबली आणि पातं तिच्यात अडकलं. त्यानं जोर लावून मशीन ओढली. पातं सुटलं ते सरळ कमरेजवळच्या दोरावर आलं. अन्सार फांदीचा दोर धरून वर पाहत होता. मशीनचा आवाज बंद पडला, आणि भागवत आधीच कापलेल्या लाकडांवर येऊन आदळला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. वाशिमच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. शुद्धीवर आल्यावर भागवतनं पहिल्यांदा अन्सारचा हात धरला.

"भाऊ, माझीच चूक झाली. मशीन ओढाले नोती पायजे. तुमचा धंदा बुडवला मी."

अन्सारच्या तोंडून निघालं, "असू दे."

त्या दोन शब्दांनी त्याची झोप नेली. गावात जो भेटे तो विचारी, कसं झालं? अन्सार सांगे, मशीन दोराले लागली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच सांगताना त्याची जीभ जड होई. दर आठवड्याला तो भागवतच्या घरी पीठ, तेल, डाळ नेऊन ठेवी. भागवतची बायको वैजयंती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं अन्सारभाऊ करून राह्यले." ते ऐकलं की तो चहा अर्धा टाकून उठे.

चौथ्या महिन्यात भागवत काठी घेऊन ओसरीपर्यंत येऊ लागला. एका दुपारी त्यानं अन्सारला बसवून घेतलं. "भाऊ, मशीनीतला माझा हिस्सा तुमीच ठेवा. नुकसान मी केलं, मी भरतो."

वैजयंती शेजारीच तूर पाखडत होती.

"पट्टा होता दुकानात," अन्सार म्हणाला.

"कोणता पट्टा?"

"तू सांगतला होता तो. तार असलेली दोरीबी होती. मी हातात घेतली आन वापस ठेवली. मोठ्या मशीनीपायी. तुले खोटं सांगतलं."

सुपाचा आवाज थांबला. भागवतनं काठी जवळ ओढली.

"मी दोनदा इचारलं होतं."

"हो."

"दवाखान्यातबी नाही सांगतलं."

"नाही."

वैजयंती आत गेली. सकाळी त्यानंच आणलेली सामानाची थैली घेऊन आली आणि त्याच्या पायाशी ठेवली. "उचला अन्सारभाऊ," एवढंच म्हणाली.

घरी येऊन त्यानं कौसरला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "माफी माँगने गए थे, के अपना बोझ उतारने?" सांगून टाकलं की हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. हलकं काही झालं नाही. त्यानं मशीन विकली, ते पैसे वेगळे बांधून ठेवले आणि दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाऊ लागला. झाडाखालून जाताना मान वर करेना.

दीड महिन्यानं भागवत काठी टेकत त्याच्या दारात उभा राहिला. कौसरनं खाट टाकली, तो बसला नाही.

"अमरावतीले जाऊ. यावेळी मी निवडतो."

दुकानात भागवतनं सारी दुपार घेतली. प्रत्येक शिवण नखानं ताणून पाहिली. दोन मांड्यांचे पट्टे कमीजास्त होतात का, हूक दाबल्याशिवाय उघडतो का, तार दोरीच्या टोकापर्यंत आहे का, सगळं विचारलं. पट्टा अन्सारच्या अंगावर चढवून त्याला दुकानाच्या लोखंडी आडव्या दांड्याला लटकवलं आणि तसंच बराच वेळ लटकत ठेवलं. मशीन घेतली ती लहानच.

"आता चढाचं तुमी," तो म्हणाला. "गुडघे दुखले तर दुखले. खाली मी राह्यतो."

"भागवत..."

"माफ केलं असं समजू नोका. मले दुसरं काम येत नाही, म्हणून आलो."

तेव्हापासून दोघं पुन्हा कामाला जातात. झाडाला हात लावायचा की नाही, हे भागवत ठरवतो. लाकडी हातोडा घेऊन बुंध्याभोवती लंगडत फिरतो, ठोकतो, कान लावतो. मध्ये शिरपूर जैनला एका शेतकऱ्याच्या अंगणातला कडुनिंब त्यानं असाच तीनदा ठोकला आणि म्हणाला, "चढू नोका. आतून पोकळ आहे."

मालक मागेच लागला. पाहुणे येणार आहेत, मांडव घालायचा आहे, थोडे पैसे जास्त घ्या. अन्सारनं खालूनच झाडाचा अंदाज घेतला. फांदी चांगली दिसत होती. "एवढं काही..." असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. भागवत त्याच्याकडे पाहत होता. अन्सारनं तोंड मिटलं, दोर गुंडाळला आणि सामान मोटरसायकलला बांधलं.

भागवत आता त्याच्याशी कामापुरतं बोलतो, वर गेल्यावर दोरीचा वेढा नीट बसला का ते दोनदा विचारतो. अन्सार दोन्ही वेळा खरं उत्तर देतो. वैजयंती मात्र अजून बोलत नाही. सकाळी भागवतला घ्यायला गेला, की अन्सार अंगणाबाहेरच गाडी उभी करतो. हॉर्न वाजवत नाही. भागवत बाहेर येईपर्यंत तसाच उभा राहतो.