फ्रीजचं रबर
फ्रीजमधला बर्फ वितळवायला ठेवला की त्या ओलसर, गार वासानं मला धानाच्या मुलखातल्या गोरेगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. लकव्याच्या झटक्यानंतर बाबा तिथेच खाटेवर बसून असायचे. उजवा हात निकामी झाला होता आणि जीभ अडखळते म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. त्यांना काय हवं ते आई अंदाजानं ओळखायची. त्या उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर साचायचा आणि खाली ठेवलेलं दूध नासायचं. बर्फ काढला तरी पुन्हा तेच. एका दुपारी आईनं वैतागून चाकू हाती घेतला, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "चाकू... नोको लावू वो. फ्रीजचा गॅस जाईल." आईनं चाकू खाली ठेवला. "तुमी बोलून राहिले जी!" "काऊन पाहून राहिली? कागद... आन." मी वहीचं पान दिलं. बाबांनी खाटेवरून वाकून ते फ्रीजच्या दारात धरलं, आईला दार लावायला लावलं आणि डाव्या हातानं पान ओढलं, तर ते अलगद बाहेर आलं. "रबर ढिल्ला झाला. हवा... आत जाते," ते म्हणाले. आईनं गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं दाराचं रबर शेकलं, बोटांनी ताणून बसवलं. पुन्हा दारात धरून ओढलं तेव्हा पान घट्ट अडकून फाटलं, आणि बाबा अर्ध्या तोंडानं हसले. बर्फ साचायचा थांबला. आजही माहेरी गेले की पाहते, एका वाक्याला बाबांना फार वेळ लागतो. ते काय म्हणणार हे आईला आधीच कळलेलं असतं, पण ती मध्ये बोलत नाही. हातातलं काम थांबवून ऐकत राहते.