सलीमभाईंचे बॉल आणि आमचे हात

मी दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि माझं चालू, अशी गेली वीस वर्षं सवय. पेशंटला मध्येच बोलता येत नाही, त्यामुळं माझ्याकडं किस्से नुसते साठत जातात. त्यातले निम्मे आता आमच्या रविवारच्या बोलिंग ग्रुपचे आहेत. बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली नव्हे. मॉलमध्ये लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळत सोडायचा आणि समोरच्या दहा पिना पाडायच्या, ती. परवा एका बाईंची दाढ भरता भरता त्यातला एक किस्सा सांगितला. बाई हसल्या आणि सगळं सिमेंट बाहेर आलं. तेव्हा ठरवलं, की हे आता लिहून काढलेलं बरं.

*

सुरुवात माझ्या बॉलपासून. दोन वर्षं मॉलमधल्या बॉलनं खेळलो. त्याच्या भोकांत कुणाचीही बोटं जावीत म्हणून ती ऐसपैस असतात, आणि माझा अंगठा दर रविवारी सोलून निघायचा. शेवटी स्वतःचा बॉल मागवला. कुरिअर गारखेड्याच्या घरी आलं तेव्हा मी क्लिनिकमध्ये होतो. सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, खोकं उघडलं आणि फोन केला. म्हणाली, "फसवलंय तुम्हाला. भोकंच नाहीत याला."

मी तिला समजावलं, की चांगला बॉल असा बिनभोकाचाच येतो. आतमध्ये एक वजनाचा गट्टू असतो आणि त्याचं डोकं कुठं आहे ते दाखवायला वर एक रंगीत ठिपका असतो. त्या ठिपक्यापासून किती अंतरावर आणि कुठल्या बाजूला भोकं पाडली, यावर तो बॉल सरळ जाणार की शेवटी वळणार हे ठरतं. याला ले-आउट म्हणतात. तुम्ही बॉल फेकता कसा, हे बघून तो निवडायचा असतो.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवसभर तुम्ही दुसरं काय करता? पाडा की क्लिनिकमध्येच."

खरं सांगतो, दोन दिवस मी त्याचा गंभीरपणे विचार करत होतो.

*

असलं काम करणारा माणूस आमच्या शहरात नव्हता. मग एक दिवस खुर्चीत सलीमभाई आले. चिकलठाण्याला त्यांचं वर्कशॉप. कारखान्यांना लागणारे लोखंडी जिग, म्हणजे ड्रिल नेमकं जागेवर धरणारे साचे, बनवतात, आणि केसाएवढा फरकही चालत नाही असं त्यांचं काम. मी त्यांची दाढ कोरता कोरता बॉलचं दुःख सांगत होतो. ते तोंडात कापसाचा बोळा धरून उठून बसले आणि एवढंच म्हणाले, "ड्रॉइंग है?"

ड्रॉइंग नव्हतं. मग त्यांनी माझा हात टेबलावर ठेवला आणि व्हर्निअरनं अर्धा तास मोजला. बोटांची जाडी, पेरांमधलं अंतर, पंजा किती ताणतो, सगळं. वीस वर्षांत माझ्या हाताकडं इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बॉल तयार झाला. मी अंगठा आत घातला. असा बसला म्हणून सांगू, जणू अंगठा आणि बॉल एकत्रच जन्माला आले होते.

"कसं काय फिटिंग?" त्यांनी विचारलं.

"फिटिंग उत्तम आहे," मी म्हणालो. "निघत नाही."

ते जवळ आले. बॉल फिरवून पाहिला, अंगठा फिरवून पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, "प्रेस फिट झालं. क्लिअरन्स किती सोडायचा ते तुम्ही सांगितलंच नव्हतं, डॉक्टर."

तेवढ्यात क्लिनिकमधून फोन. पेशंट खुर्चीत बसलाय, भूल चढलीय, कधी येताय? माझ्या उजव्या हाताला साडेसहा किलोचा बॉल. सलीमभाईंनी मशीनचं तेल ओतलं, शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणला. अंगठा थंड पडला, पण हलेना. शेवटी त्यांनी मला विचारलं, की दात असा अडकला तर तुम्ही काय करता. मी म्हणालो, आधी इंजेक्शन देतो, मग ओढतो.

"इंजेक्शन तर नाही आपल्याकडं," असं म्हणून त्यांनी ओढला.

त्या दिवसापासून मी पेशंटला, दुखेल का, या प्रश्नाचं खरं उत्तर देतो.

*

अंगठ्याचं भोक जरा घासून मोठं केलं, पण खरा घोळ ले-आउटचा होता. तो मी स्वतः निवडला होता. इंटरनेटवर आठवडाभर वाचून सगळ्यात तिखट ले-आउट शोधलेला. व्हिडिओत बॉल उजव्या कडेनं जातो आणि शेवटी असा वळतो, की दहाही पिना आडव्या. हा ले-आउट जोरात फेकणाऱ्यांसाठी आहे, अशी एक बारीक ओळ तिथं होती. ती मी वाचली होती. मला वाटलं, मी जोरातच फेकतो.

पहिल्या रविवारी बॉल सोडला. तो निम्म्या वाटेपर्यंत गेला, वळला, आणि थेट डावीकडच्या नालीत जाऊन पडला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. शेजारच्या पट्टीवर कुणाचा तरी वाढदिवस होता. ती सगळी मंडळी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायला लागली.

सलीमभाई खेळत नाहीत, बघतात. माझ्या दहाही फेकी त्यांनी नीट बघून घेतल्या. मी विचारलं, बॉलमध्ये काही चुकलं का? ते म्हणाले, "बॉल हुशार आहे, डॉक्टर. पण तुम्ही लई हळू सोडता. त्याला विचार करायला वेळ मिळतो."

मग त्यांनी जुनी भोकं बुजवली आणि ठिपक्याजवळ नवीन पाडली. आता बॉल गरीब गाईसारखा सरळ जातो. पिना पडतात. पण कुणी टाळ्या वाजवत नाही.

*

ग्रुपमधले तिसरे भानुदासभाऊ. शेती फुलंब्रीला, पंपसेटचं दुकान शहरात, आणि दंड असा, की मोटर एकटे उचलून टेम्पोत ठेवतात. माझा बॉल पाहून त्यांनीही मागवला. यावेळी सलीमभाई शहाणे झाले होते. आधी स्टाइल बघणार, मगच भोकं पाडणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि एक छापील फॉर्मच बनवून आणला. नाव, हात, उंची, स्टाइल.

स्टाइल बघायची एक युक्ती असते. पट्टीवर तेल लावलेलं असतं. बॉल घरंगळताना त्याच्यावर तेलाची एक गोल रेघ उमटते. ती कुठं उमटली त्यावरून माणसाचा हात कळतो. प्रत्येकाची रेघ ठरलेली असते, सहीसारखी.

भानुदासभाऊंनी मॉलच्या बॉलनं सहा वेळा फेकलं. सहा वेळा सलीमभाईंनी बॉल उचलून पाहिला. एकदा रेघ वरून, एकदा खालून, एकदा बोटांच्या भोकावरून. एकदा रेघच नाही, कारण बॉल निम्मी पट्टी हवेतूनच गेला होता. सलीमभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला बाजूला घेऊन म्हणाले, की तीस वर्षांत असा जॉब हाताखालून गेला नाही, हर बार नया आदमी फेंक रहा है.

तेवढ्यात भानुदासभाऊंनी स्वतःच फॉर्म भरून टाकला होता. स्टाइलच्या पुढं त्यांनी लिहिलं होतं: जोरात.

*

सगळे बॉल सारखे नसतात. काही बॉलच्या मालाला वास असतो, कंपनीच मुद्दाम घालते. भानुदासभाऊंचा बॉल व्हॅनिलाचा निघाला. सलीमभाईंनी ड्रिल लावलं आणि सगळं वर्कशॉप बेकरीसारखं घमघमलं. दिवसभर तेच काम. बारीक भुसा शर्टात, केसांत, दाढीत.

संध्याकाळी घरी गेले तर भाभी दारातच थबकल्या. त्यांनी एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि विचारलं, "किसके यहाँ गये थे?"

सलीमभाई म्हणाले, वर्कशॉपमध्येच होतो, बॉलला वास आहे. भाभींनी जेवायला वाढलं. सलीमभाई सांगतात, की त्या दिवशीच्या दाळीला मीठ नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती. दुसऱ्या दिवशी ते भाभींना रिक्षात बसवून वर्कशॉपला घेऊन गेले आणि त्यांच्या समोर बॉलमध्ये उरलेलं अंगठ्याचं भोक पाडलं. वास पसरला. भाभींनी चिमूटभर भुसा उचलून हुंगला.

मग म्हणाल्या, "इसमें इलायची का नहीं आता क्या?"

*

चौथ्या कानडेबाई. शाळेत गणित शिकवतात, नववी-दहावीला. अतिशय शांत बाई. त्यांचा बॉल हे सलीमभाईंचं तोवरचं सगळ्यात सुंदर काम होतं. बाईंनी स्वतः कोन काढून दिले होते, आणि सलीमभाईंना आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडून नीट ड्रॉइंग मिळालं होतं. तीन दिवस खपून त्यांनी भोकं पाडली, कडा घासून रेशमासारख्या केल्या.

बाई आधी शाळेतल्या शिक्षकांबरोबर खेळायच्या, आणि चांगल्या खेळतात असं आम्ही ऐकून होतो. पण नवीन बॉल घेऊन आमच्यात आल्या, तर वेगळंच दिसलं. मनगट वाकडं, पाय अडखळतायत, पिना दोन-तीन. दोन महिने असंच. आम्हाला वाटलं, घरी काही अडचण असेल. विचारायचं कसं? सलीमभाई बिचारे दर रविवारी कडा पुन्हा घासून द्यायचे आणि बाई दर वेळी, आता बरं वाटतंय, असं म्हणायच्या.

एका रविवारी भानुदासभाऊंनी लांबूनच त्यांच्याकडं टॉवेल फेकला. बाईंनी तो सहज झेलला. डाव्या हातानं. सलीमभाई उभेच राहिले.

"बाई, तुम्ही डावऱ्या?"

बाई लाजल्या. म्हणाल्या, "फेकायला डावी, लिहायला उजवी. तुम्ही मापं घेतली तेव्हा मी पेन धरलं होतं, म्हणून तुम्ही उजवा हात मोजलात."

सलीमभाईंना आठवेना, की मापं घ्यायच्या आधी त्यांनी बाईंना बॉल टाकताना कधी पाहिलं होतं. पाहिलंच नव्हतं. ड्रॉइंगच्या आनंदात ते राहून गेलं होतं. मग दोन महिने बोलल्या का नाहीत, हे त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, की तुम्ही इतक्या मनापासून बनवला होता, तर मला वाटलं हातच बदलून बघू. लहानपणी पाटीवर डाव्या हातानं लिहायला लागले, की आई तो हात धरून ठेवायची. तेव्हा जमलं होतं, आताही जमेल असं वाटलं.

सलीमभाई त्या दिवशी थांबलेच नाहीत. बॉल घेऊन तसेच वर्कशॉपला गेले. पुढच्या रविवारी बाईंनी डाव्या हातानं पहिलाच बॉल सोडला आणि दहाच्या दहा पिना गेल्या. आम्ही ओरडलो. बाई मात्र आपल्या डाव्या हाताकडं बघत होत्या. मग सलीमभाईंना म्हणाल्या, "पेपर तपासायला तेवढा उजवाच ठेवते."

*

आणि आता आप्पांचा. आप्पा म्हणजे भानुदासभाऊंचे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. फुलंब्रीहून डोळे दाखवायला आले होते, म्हणून भाऊ त्यांना मॉलमध्ये घेऊन आले. तासभर आप्पा खुर्चीत बसून मुलाचा खेळ बघत होते. मग म्हणाले, "मी टाकू का एक?"

भानुदासभाऊ कावरेबावरे झाले. कारण आप्पांच्या उजव्या हाताला अंगठा नाही. तरुणपणी गोठ्यात कडबाकुट्टीवर वैरण तोडताना गेला. चार माणसांत आप्पा तो हात कायम उपरण्याखाली ठेवतात आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही. पण आप्पा उठले. त्यांनी बॉल दोन्ही हातांत धरला, उजवा खाली, डावा आधाराला, आणि पाटीतली वैरण गव्हाणीत टाकावी तसा कमरेतून फिरवून सोडला. बॉल उजवीकडून गेला, शेवटी असा काही वळला, की माझ्या त्या व्हिडिओतला बॉलही इतका वळला नव्हता. नऊ पिना.

सलीमभाई पुढं झाले आणि त्यांनी परत उपरण्याखाली गेलेला हात सरळ आपल्या हातात घेतला. भानुदासभाऊंनी मान वळवली. सलीमभाईंनी खिशातून व्हर्निअर काढून दोन बोटं मोजली, वहीत आकडे लिहिले आणि म्हणाले, "एक होल कमी. काम सोपं आहे, आप्पा."

आप्पा इतके हसले, की डोळ्यांत टाकलेलं औषध गालावर आलं.

दोन भोकांचा बॉल आठवड्यात तयार झाला. आप्पा दर रविवारी एसटीनं यायला लागले, आणि यंदा पुण्याच्या एका स्पर्धेला आम्ही त्यांना घेऊन गेलो. धोतर, उपरणं, आणि पायात भाड्यानं मिळणारे बोलिंगचे बूट. पहिल्या दोन फेकींतच आमच्या पट्टीमागं गर्दी जमली. अंगठा न वापरता दोन हातांनी बॉल फिरवणं ही या खेळातली सगळ्यात नवी फॅशन आहे, जगभर पोरं तीच शिकतायत, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं.

तिथला एक कोच आला. चांगला नम्र माणूस. आप्पांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका, ही बिनअंगठ्याची स्टाइल तुम्ही कुठं शिकलात?"

आप्पा बॉल पुसत होते. म्हणाले, "कडबाकुट्टीवर."

कोचनं मोबाइल काढला, नाव लिहून घेतलं आणि ही अकॅडमी नेमकी कुठं आहे, असं विचारलं.

"फुलंब्रीला," आप्पा म्हणाले. "पण एकदाच शिकवती."