मारामारीवाली कॅसेट

त्या गायकाला आमच्या खाडीकाठच्या गावांत कुणी नावानं हाक मारायचं नाही. सगळे 'आवाज' म्हणायचे. "यंदा जत्रेला आवाज येतोय का रं?" एवढं विचारलं की झालं. त्याची छापील कॅसेट दुकानात कधी मिळाली नाही, कारण तो स्टुडिओत कधी गेलाच नाही. म्हणायचा, "भिंतीला काय गाऊन दावू?" आज त्याचं जे काही लोकांकडे आहे ते जत्रेच्या मांडवात टेपरेकॉर्डरवर भरलेलं, आणि त्याच्या नकला, आणि त्या नकलांच्या नकला. चाहते भेटले की अजून त्यावर वाद घालतात. कुठल्या जत्रेत त्याचा घसा जास्त लागला, कुठल्या कॅसेटमध्ये मध्येच कुत्रं भुंकतं, कुठल्या कॅसेटमध्ये कोण खोकतं. मी ऐकून घेते. मला दोनच कॅसेटींबद्दल बोलायचं आहे. एक माझ्या भावाच्या टेपवर भरली गेली, दुसरी माझ्या बहिणीनं भरली.

माझं थोडक्यात सांगते. आमचं घर मासळीचं आणि मिठागराचं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भोवती सेक्टर उभे राहिले, आणि मी नेरूळच्या कॉलेजात जाऊन बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला. बाबांनी तो देवीच्या फोटोशेजारी टांगला. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. ही गोष्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली.

आवाजचा कार्यक्रम दुपारीच व्हायचा. पालखी देवळात गेली की मांडव भरायचा, आणि खाडीपलीकडच्या पाहुण्यांना भरती असेतोवर होड्या काढायच्या असत, म्हणून दिवे लागायच्या आत सगळं उरकायचं. मांडवात त्याच्यासमोर एक खाट टाकलेली असायची. त्या खाटेवर गावोगावचे टेपरेकॉर्डर ओळीनं मांडायचे. ज्याच्या त्याच्या गावाचा टेप, ज्याचा त्याचा माणूस. तो विचारायचा, "लावल्याव का रं?" मग खट्, खट्, खट् करत बटणं दाबली जायची. शेवटचं खट् ऐकल्याशिवाय तो तोंड उघडायचा नाही. आमच्या गावाचा टेप माझ्या भावाचा, दादूसचा. मोठं धूड होतं, लोखंडी कोपऱ्यांचं. तो ते लेकरासारखं फडक्यात गुंडाळून न्यायचा.

शेवटचं गाणं गावांच्या मानाचं. त्यात आवाज एकेका गावाचं नाव घ्यायचा आणि त्या गावावर एक ओळ जागच्या जागी टाकायचा. कधी कौतुकाची, कधी टोमण्याची. पहिलं नाव यजमान गावाचं, पुढची मानाप्रमाणे. नाव मागं गेलं की खुर्च्या उडायच्या. आमच्या जत्रा मारामारीशिवाय कधी झाल्या नाहीत, उगाच गोड बोलायचं कारण नाही. डोकी फुटायची, हात मोडायचे. आठ-पंधरा दिवसांत दोन्ही गावचे म्हातारे देवळात बसायचे, नारळ फुटायचा, संपलं. कोण काय बोललं ते तोवर कुणाला धड आठवायचंही नाही. आठवत नव्हतं म्हणूनच मिटत होतं, हे मला फार नंतर कळलं.

त्या वर्षी चैत्रात आमच्याच जत्रेत तो आला. खाडीपलीकडचं एक गाव पाहुणं होतं. माझी मोठी बहीण, ताय, त्या गावात दिलेली. लग्नाला दुसरं वर्ष. भावोजी पहिल्या रांगेत, जावयाच्या मानानं, कोरी टोपी घालून बसलेले. त्यांच्या गावात आदल्या वर्षी पालखी नाचवताना खांदेकऱ्यांचा तोल गेला होता आणि देवी चिखलात पडली होती. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पण त्यांच्या तोंडावर कुणी काढत नव्हतं. आवाजनं काढली. त्यांच्या गावाचं नाव घेतलं आणि ओळ टाकली:

"ज्यांचे खांद्यावं देवी नाय राहे, त्यांचे घरान पोर नका देऊ."

मांडव फुटला हसून. आमची बायामाणसंही हसली. आम्ही तर पोर दिलेली होती, हे हसताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. भावोजी उठले. आवाजकडे जाण्याआधी त्यांनी समोरच्या खाटेला लाथ घातली. टेप गडगडत खाली गेले. दादूस ओरडला, "माजा टेप!" त्यानं धुळीतून तो उचलला आणि उचललेल्या हातानंच भावोजींच्या कानावर हाणला. लोखंडी कोपरा बसला. भावोजी गुडघ्यावर आले तसा दुसऱ्यांदा हाणला. मग बांबू, वल्ही, मांडवाचे खुंट, जे हाताला लागलं ते. पलीकडचे लोक मागं रेटत होडीपर्यंत गेले, आणि पाण्यातसुद्धा त्यांना दगड बसत होते. आमच्यातल्या एकाचा जबडा मोडला, त्यांच्यातल्या एकाचा डोळा गेला. तायनं पदर फाडून नवऱ्याचं डोकं बांधलं आणि त्याच्याबरोबर होडीत बसली. आमच्याकडं तिनं वळून पाहिलं नाही.

आणि टेप चालूच होता.

त्या संध्याकाळी दादूसनं कॅसेट मागं फिरवून लावली. गाणं, हसू, लाथ, त्याची आरोळी, आणि मग तो आवाज. थाड्. पुन्हा थाड्. दुसऱ्या कॅसेटींतली मारामारी अशी ऐकू यायची की लांब कुठे बाजार भरलाय. ही थेट कानात यायची, कारण मारलं होतं टेपनंच. मागून भावोजींचं कण्हणं आणि तायची किंकाळी. दादूसचे मित्र म्हणाले, "परत लाव, परत लाव. काय क्लियर आलाय!"

आयनं मासळीची टोपली उचलून त्याच्या तोंडावर मारली. "भयनीचा कपाल फोरलास न वर ऐकतस?"

"मी काय मुद्दाम भरलंय काय?" दादूस म्हणाला. पण कॅसेट त्यानं मित्राला नकला काढायला दिलीच. नेरूळला 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी लावलेली दुकानं होतीच. महिना झाला नसेल, माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर पोरं दुकानदाराला विचारत होती, "ती मारामारीवाली हाय काय?" आवाजची दुसरी गाणी कुणी मागेना. काहींनी तर गाणं कापून नुसती मारामारीच भरून घेतली.

म्हातारे देवळात बसले. नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चहाच्या टपरीवर ती कॅसेट लागली आणि पलीकडच्या गावचा रिक्षावाला नेमका तिथं चहा पीत होता. त्यानं टपरीवाल्याच्या हातावर उकळतं पातेलं उलथलं. संध्याकाळी त्याची रिक्षा जळाली. म्हातारे पुन्हा बसले, पुन्हा नारळ, आणि मग कुणीतरी होडीतून मुद्दाम मोठ्यानं ती कॅसेट वाजवत त्यांच्या किनाऱ्यासमोरून गेलं. त्या होडीतल्या पोराचे पुढचे दात त्यांनी दगडानं पाडले. आमच्यांनी त्यांची जाळी कापली. भांडण तेच, पण दर वेळी ताजं. शिळं होऊच देत नव्हती ती कॅसेट.

तायला तिच्या सासूनं माहेरी आणून सोडलं. शिवी दिली नाही, हात लावला नाही. अंगणात उभी राहून एवढंच म्हणाली, "माजे पोराचा एक कान गेला तो गेला. पन ती कासेट लागली का माजा पोर दुसरा कान झाकून बसतंय. जवर ती वाजतं तवर हिला इथंच ठेवा."

दादूसनं मूळ कॅसेट आणून तिच्या पायाशी ठेवली, दगडानं ठेचली. त्याला तेव्हा खरंच वाईट वाटत होतं. पण ठेचून काय उपयोग? तिच्या नकला उरणपासून बेलापूरपर्यंत फिरत होत्या.

ताय दिवसभर मासळी निवडायची. बाजूच्या आळीत ती कॅसेट लागली की उठून आत जायची. एकदा आळीतल्या एका पोराला मी कॅसेटसकट घराबाहेर ओढला आणि चपलेनं बडवला. चांगला बडवला. पण एका पोराला बडवून काय होणार, हे कळायला पदवी लागत नाही. पदवीचा उपयोग एवढाच झाला की मी शांत बसून विचार केला. कॅसेट आपण पुसतो कशी? पुसत नाहीच आपण. तिच्यावर दुसरं भरतो. चाहत्यांना आवाजचं नवं काही मिळालं तरच ते जुन्यावर भरतील. त्यांच्याकडे कोऱ्या कॅसेटी कुठे होत्या!

तायला म्हटलं, "आवाजकडे जाऊ."

तो मोऱ्याला राहायचा, धक्क्याच्या वरच्या अंगाला. आम्ही गेलो तेव्हा जाळं सांधत बसला होता. मांडवात डोंगरासारखा वाटणारा माणूस, जवळून पाहिला तर माझ्या बाबांएवढाच बारका.

"कोनच्या गो पोरी तुमी?"

तायनं सांगितलं. ती ओळ कुणाच्या घरावर पडली तेही सांगितलं. त्याचे हात थांबले.

"मना ठाव नव्हता, बाय," तो म्हणाला. "मी ओळ टाकतंय. लोक हसतान. हसू फुडं कुनाचे घरान जातं, ते बघाला मी कवा गेलो नाय."

मी त्याला माझा हिशेब सांगितला. नारळी पुनवेला पलीकडच्या गावात यायचं. त्यांच्या मांडवात, त्यांचं नाव पहिलं घेऊन गायचं. ती कॅसेट फिरेल, जुनी बुडेल.

"तिथं मना मारतील."

ताय म्हणाली, "मारतील."

"गायाचे आदी का मंग?"

"गाऊ देतील. गायल्यावं मारतील. मी त्यांचे घरान राहिलीय, मना ठाव हाय."

तो मोठ्यानं हसला. खरोखर हसला, जाळं मांडीवरून घसरेपर्यंत. "तुजा नवरा नशीबवान हाय गो," म्हणाला. "येतंय मी."

पलीकडच्या गावानं हो म्हणायला वेळ घेतला नाही. त्यांनी तो निरोप कसा ऐकला असेल ते मला कळत होतं. पुनवेच्या दुपारी पाऊस थांबला होता. होडीत आवाज, त्याचा ढोलकीवाला, ताय आणि मी. आमच्या गावचा पुरुष एकही नाही. तायच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला दादूसचा टेप होता. कोपरा चेपलेला, आत कोरी कॅसेट. मी विचारलं, "दुसरा नाय काय मिळाला?" तिनं फडकं आणखी घट्ट आवळलं.

त्यांच्या मांडवात खाट टाकली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. माणसं बसली होती. कुणी खोकत नव्हतं. भावोजी पहिल्या रांगेत, एका बाजूला मान कलती करून, कारण त्यांना आता एकाच कानानं ऐकू येत होतं. तायनं त्यांच्या डोळ्यांदेखत तो टेप खाटेवर ठेवला. त्यांनी कोपरा ओळखला. त्यांचा हात कानाकडे गेला.

"लावलास का गो, बाय?" आवाजनं विचारलं.

खट्.

मी त्याचे पुष्कळ कार्यक्रम ऐकले. तसा तो कधी गायला नाही. भीतीनं काही माणसांचा घसा बसतो, त्याचा उघडला. शेवटी मानाचं गाणं आलं. पहिलं नाव त्यांच्या गावाचं घेतलं. सगळ्या माना वर झाल्या. तो थांबला, भावोजींच्या चांगल्या कानाकडे तोंड केलं आणि म्हणाला:

"देवी परली ती उठली, पोर दिली ती टिकली."

दाद दिली नाही कुणी. पण एक म्हातारी पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि ती तायची सासू होती.

पुढचं गाव त्यानं घेतलंच नाही, गाणं तिथंच संपलं. त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यानं उठून आवाजच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. पाहुण्याचा मान रीतसर झाला. मग भावोजी उठले. ताय ओळ संपताच खाटेपाशी पोचली होती. तिनं टेप उचलून छातीशी धरला.

"झालं गाऊन?" भावोजींनी विचारलं.

"झालं," आवाज म्हणाला आणि स्वतःच नारळ खाली ठेवला.

भावोजींनी एकच मारली, कानाखाली. मग ते बाजूला झाले. बाकीचे नाही झाले. कुणीतरी तोच नारळ उचलला आणि त्याच्या तोंडावर आपटला. पुन्हा आपटला. दात शालीवर पडले. तो खाली गेल्यावर लाथा बसल्या, बरगड्या मोडताना मी ऐकल्या. त्यानं हात वर करून तोंड झाकलं तेव्हा एकानं त्याचे हात बाजूला धरले, म्हणजे दुसऱ्याला तोंड मोकळं मिळावं. मी मध्ये पडले तर केसांनी ओढून मला लांब टाकलं. थांबवलं ते सासूनं. "पुरे," म्हणाली, "सन हाय आज."

मी आणि ढोलकीवाल्यानं त्याला होडीत घातलं. होडीच्या तळाला पाणी होतं, ते लाल झालं. ताय किनाऱ्यावर उभी होती. मी हाक मारली, "चल, ताय, भरती उतरतेय." तिनं कॅसेट काढून माझ्या हातात दिली, टेप स्वतःकडे ठेवला, आणि मागं वळून घराकडे गेली. कुणी तिला ये म्हटलं नाही आणि कुणी अडवलं नाही. ती अजून त्याच घरात आहे. तिची दोन्ही मुलं आता नोकरीला लागलीत.

कॅसेट मी नेरूळच्या दुकानदाराला भरायला दिली. पावसाळा संपेपर्यंत ती सगळीकडे झाली आणि मारामारीवाली बुडाली. आज कुणाकडे शोधून सापडणार नाही. आवाज जगला, पण परत गायला नाही. दात नाहीत, जीभ फाटलेली, शब्द धड निघायचा नाही. मोऱ्याला जाळी सांधायचा. मी जाऊन यायचे. मला पाहिलं की हसायचा. लोक विचारतात, तुला वाईट नाही वाटलं? वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा मोऱ्याची एसटी पकडीन.

मध्ये एका लग्नात एक चाहते भेटले. आवाजच्या शेवटच्या कॅसेटबद्दल भरभरून बोलत होते. "काय शांतता आहे हो शेवटी! ती ओळ म्हणतो आणि मग काहीच नाही. एक बारीकसं खट् आणि संपलं. टेपच संपली असेल बहुतेक."

"नाही," मी म्हटलं. "टेप पुष्कळ उरली होती. ते बटण माझ्या बहिणीनं बंद केलं."