अठरा हाय

"साखर तोंडात धरा काका, थुंकू नका," असं म्हणत एक माणूस व्हीलचेअर ढकलत कॅज्युअल्टीत शिरला. खुर्चीत सत्तरीचे गृहस्थ, गाल साखरेने फुगलेले. मागून त्याची बायको, हातात गूळपाण्याची बाटली.

बोईसरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीची सिस्टर आहे. कारखान्यांत भाजलेले, मशीनमध्ये बोट गेलेले रोजच येतात. साखर चघळत आलेला पेशंट मात्र पहिलाच.

"मी किसन, दांडीवरनं आलो," तो म्हणाला. "हे माजे बाळूकाका, लंडनला असतात. शुगर पार खाली गेली हाय. काल सांजच्याला त्यांच्याच मशीनवर बगितली. अठरा हाय, अठरा."

काका इंग्लंडमधल्या कुठल्याशा बंदराच्या गावात राहतात, पण इथल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावात त्या सगळ्याला लंडनच म्हणतात.

रक्तातली साखर आपल्याकडे उपाशीपोटी शंभरच्या आतबाहेर असते. सत्तरच्या खाली गेली की घाम फुटतो, हातपाय कापतात. त्याहून खाली गेली की माणूस बेशुद्ध पडतो. अठरा म्हणजे आशा सोडायची वेळ. आणि हे गृहस्थ डोळे उघडे ठेवून पाणी मागत होते.

काउंटरवर आधार कार्ड मागितलं. ब्रिटिश पासपोर्ट पुढे आला. तो पाहून कम्प्युटरसमोरची मुलगी साहेबांना विचारायला गेली. साहेब जेवायला गेले होते. मी काकांना सरळ बेडवर घेतलं.

ड्युटीवरचे डॉक्टर नुकतेच पास झालेले, त्यात पेशंट फॉरेनचा, त्यात किसनने त्यांच्या तोंडासमोर फोन धरलेला. व्हिडिओ कॉलवर काकांची मुलगी होती.

"त्यांना तिथली सुई टोचू नका," ती म्हणाली. "इन्फेक्शन होईल. सुई नवीन आहे का?"

नाही, गोधडी शिवायची आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. "पाकीट तुमच्यासमोर फोडते," मी म्हणाले.

"नको. पप्पांचं मीटर इंग्लंडचं आहे. त्याच्यावर आकडा आलाय ना? मग ट्रीटमेंट सुरू करा. इन्शुरन्सवाले सगळं विचारणार आहेत."

आकडा किती, ते तिने विचारलंच नाही. इन्शुरन्स ऐकून डॉक्टर घामाघूम झाले. आमचा नियम साधा आहे. कोणी काहीही आकडा सांगो, आधी आपल्या मशीनवर बघायचं. पण ते म्हणाले, "सिस्टर, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज भरा." डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं घट्ट पाणी, सरळ शिरेतून देतात. मी सिरिंज भरली.

काकांनी साखर गिळली आणि क्षीण आवाजात म्हणाले, "सिस्टर, नो शुगर. एटीन. हाय."

"बगा, ते पन तेच सांगतात," किसन म्हणाला. "अठरा हाय. रात्रीपासनं हेच बोलतात, एटीन हाय, एटीन हाय. लई घाबरलेत."

"आमी पन रात्रीपासनं देतोय," बायको म्हणाली. "गूळपानी, शहाळी, नारलाच्या वड्या. नको नको करतात, आमी सोडत नाय. शुगरच्या गोल्या पन बंद केल्या."

पाहुण्याचं 'नको' आमच्या किनाऱ्यावर कोणीच मनावर घेत नाही.

शीर शोधायला मी काकांचा हात धरला. कातडी कोरडी ठक्क. घामाचा थेंब नाही, थरथर नाही. जीभ वाळलेली. आल्यापासून दोनदा लघवीचं भांडं मागितलं होतं. साखर उतरलेला माणूस असा दिसत नाही. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, फोनवरच्या बाईंकडे पाठ केली आणि काकांचं बोट टोचलं.

मशीनवर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय. साखर सहाशेच्या वर गेली की आमचं मशीन मोजायचं सोडून देतं आणि एवढंच दाखवतं. त्याचा उच्चार हाय. अर्थ, जास्त.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका रात्रभर इंग्रजीतून सांगत होते, अठरा, जास्त आहे. घरच्यांनी ते दांडीच्या बोलीत ऐकलं, अठरा आहे. मीही याच किनाऱ्यावरची, सातपाटीची. हाय म्हणजे आहे, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून मीही तेच ऐकलं, आणि सिरिंज भरून मोकळी झाले.

काकांचं मीटर मागवून घेतलं. आकड्याखाली बारीक अक्षरांत मिलिमोल. तिकडचं माप वेगळं. तिकडच्या आकड्याला अठराने गुणलं की आपला आकडा मिळतो. म्हणजे अठरा गुणिले अठरा, काल संध्याकाळीच काकांची साखर सव्वातीनशे होती. मग रात्रभर दांडीचा पाहुणचार.

डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. शिरेतली साखर गेली असती तर काय झालं असतं, ते किसनला डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्याने बायकोच्या हातातली गूळपाण्याची बाटली काढून घेतली. मुलीला तेच सांगितल्यावर तिने विचारलं, "मग तुमचं मशीन कॅलिब्रेट केलेलं आहे का?" मी तो फोन किसनला परत दिला.

काका दोन दिवस आयसीयूत होते. चौथ्या दिवशी घरी गेले. निघताना मी विचारलं, "काका, मराठीत 'जास्त' का नाही म्हणालात?"

"अगं, आजारी पडलो की मला इंग्रजीच सुचतं," ते म्हणाले. "तिकडं चालीस वर्सं डॉक्टरशी तेच बोलतोय. आन इकडं तोंड उगडलं की साखर पडायची. तिकडं एकटा असतो, आजारी पडायची धास्ती वाटते. पन तिकडं निदान मला इचारतात."

मला खरोखर लाज वाटली. पण ते त्यांच्याकडे पाहून सांगवेना, म्हणून मी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

तेव्हापासून पेशंट शुद्धीवर असेल तर पहिला प्रश्न मी त्यालाच विचारते आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबते. नातेवाइकांचं नंतर ऐकलं तरी चालतं. ते काही बोलायचे थांबत नाहीत.