मोतीबिंदू आणि मतभेद

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी मला निवडणुकीवरून ‘विकला गेलेला’ म्हटलं. मी तीन उत्तरं लिहिली, तिन्ही पुसली आणि रागाच्या भरात जिना चढून त्यांची बेल वाजवली.

“बरं झालं आलात,” दार उघडून ते म्हणाले. “परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि घरात कोणी नाही. एवढे थेंब घालता का?”

ते खुर्चीत मान मागे टाकून बसले. मी बाटली उघडली. दुसऱ्याच्या पापण्या धरून ओरडता येत नाही.

“तुमचं मत मात्र साफ चुकीचं आहे,” ते म्हणाले.

“हलू नका,” मी म्हणालो.

थेंब नीट पडले.

“पुढचे चार वाजता,” त्यांनी सांगितलं.

चारला मी गेलो.