अर्धी गोळी

फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. माणूस तसाच होता, सरळ. फरशीत एक सूत फरक राहिला तर बसवलेली ओळ उखडून काढायचा आणि मालकालाच वर ऐकवायचा. अशा माणसाने आयुष्यात एक लबाडी केली आणि तीही बायकोसाठी, हे ऐकून त्याच्या हाताखालच्या गवंड्यांनी खुशाल पैज मारली असती की ही थाप आहे.

जन्मभर गुडघ्यांवर बसून काम केल्यावर गुडघे काय आशीर्वाद देणार? पायऱ्या उतरताना तो कठडा धरून आडवा आडवा उतरू लागला. मोठ्या हॉस्पिटलात सांधेदुखीच्या एका नव्या औषधावर संशोधन चालू होतं, तिथे त्याला घेतलं. बायको बारा तास लाँड्रीत उभी राहून इस्त्री करायची. तिचेही गुडघे कामातून गेले होते, पण तिला रक्तदाब होता म्हणून घेतलं नाही.

संशोधनाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं होतं. या औषधाने दुखणं कमी होईल अशी आशा आहे. पण अशा गोळ्या पोटाला चावतात, आतून रक्त सुटतं, मूत्रपिंडावर ताण येतो, पायांवर सूज चढते. सोबत दुकानातली दुखण्याची दुसरी गोळी घ्यायची नाही. शौचाला काळं झालं तर तडक यायचं. आणि निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. ओळंब्याने मान डोलावली. आपल्याला खरीच मिळणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आणि तशीच ती लागू पडली. आठवड्याभरात तो पायऱ्या सरळ उतरायला लागला. तपासणीला गेल्यावर सिस्टर विचारायची, "काका, शून्य ते दहा, दुखणं किती?" तो म्हणायचा, "दोन सूत उतरलंय." सिस्टर हसायची आणि आपल्या हिशेबाने आकडा टाकायची.

पण घरी बायको गुडघ्याला फडकं बांधून भाजी चिरत बसलेली दिसली की त्याला आपल्या बऱ्या गुडघ्याची लाज वाटायची. आपण एकट्याने बरं व्हायचं ही कुठली रीत? मग तो काच कापायच्या हिऱ्याने गोळीवर रेघ ओढून बरोबर मधोमध तोडू लागला. अर्धी तिला, अर्धी स्वतःला. कण इकडचा तिकडे नाही. आणि रोज विचारायचा, "उतार पडला का?" ती म्हणायची, "पडला की." खरंच, ती हलकी चालायलाही लागली होती. त्याला धन्य वाटायचं.

एका सकाळी लाँड्रीवाल्याचा फोन आला. बायको इस्त्रीच्या टेबलाखाली बसली होती, तोंड पांढरंफटक, हातपाय गार. रिक्षात ती कानाशी लागून म्हणाली, "परवापासून काळं होतंय हो." डॉक्टरीणबाईंचा एकेक शब्द त्याला आता आठवत होता, आणि तिला मात्र त्याने त्यातला एकही सांगितला नव्हता.

त्याच मोठ्या हॉस्पिटलाच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टराने विचारलं, कुठली औषधं घेता? ती म्हणाली, रक्तदाबाची, बाकी काही नाही. आणि तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड उघडू नये. त्याला वाटलं, आपण मेलो तरी चालेल पण ह्यांचं औषध बंद पडायला नको, असा हिचा हिशेब. तो बाहेर बाकावर येऊन बसला, उठला, पुन्हा बसला. खरं सांगावं तर संशोधनातून हकालपट्टी, छीथू, वर बायकोला विष घातल्याचा डाग. न सांगावं तर डॉक्टर अंधारात चाचपडणार आणि ती आत झिजत जाणार. आपण तिला मारतोय, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

शेवटी तो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि डॉक्टरीणबाईंच्या दारातच उभ्या उभ्या सगळं ओकला. त्या रागावल्या नाहीत, त्याने तो जास्तच घाबरला. त्यांनी लगेच गोळ्यांची यादी ठेवणाऱ्या ऑफिसला फोन लावला. असा जिवावरचा प्रसंग आला की गोळी कोणती ते उघड करता येतं.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची गोळी पिठाची होती."

"मग माझा गुडघा?"

"तुम्हाला बरं वाटलं ते खोटं नाही. कधीकधी नुसत्या भरवशावरही माणसाला उतार वाटतो." त्यांनी पेन उचललं. "पण पिठाने पोटातून रक्त जात नाही. त्या दुसरं काय घेतात?"

क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग बायको मघाशी तशी का पाहत होती, ते त्याला कळलं.

तो खाली आला. बायकोच्या हाताला रक्ताची पिशवी लावली होती. तो खाटेशी येऊन उभा राहिला, तशी तीच बोलली. "दुखण्याच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे. सकाळी चहावर दोन, दुपारी दोन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या अर्धीने मला काहीच फरक पडत नव्हता. पण उतार नाही म्हटलं असतं तर तुम्ही अख्खी मला दिली असती. तुम्ही इतके नीट चालायला लागला होता."

त्याने तरुण डॉक्टराला बोलावून दुकानातल्या गोळीचं नाव तिच्याकडून वदवून घेतलं. डॉक्टर म्हणाला, दुर्बीण घालून बघू, आज काही सांगता येणार नाही. तो गेल्यावर ओळंब्याने तिला पिठाचं सांगितलं.

"म्हणजे आपण रोज पीठ वाटून खात होतो?"

"हो."

"आणि तुमचा गुडघा?"

तीन मजले उतरताना त्याने कठडा धरला होता, आडवा आडवा उतरला होता. बरा आहे, हे शब्द त्याच्या जिभेवर अगदी तयार होते. त्याने ते गिळले.

"दुखतोय," तो म्हणाला. "फार दुखतोय."

तिने सुई नसलेला हात पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "माझेही," ती म्हणाली.